सोळा मार्कांचा लळा

इंग्लंडमधल्या आमच्या मानसशास्त्राच्या परीक्षेत ‘अटॅचमेंट’, म्हणजे लहान मुलाचं सांभाळणाऱ्या माणसाशी जडणारं नातं, हे प्रकरण पहिल्या पेपरात २४ मार्कांना होतं. त्यावर मोठा निबंध आला तर तो १६ मार्कांचा. सिद्धान्त नीट मांडला की ६, त्याची चिकित्सा केली की १०. ही विभागणी मला अजून पाठ आहे. बाकीची प्रकरणं मी अभ्यास म्हणून वाचली. हे प्रकरण मात्र डॉक्टरांनी आपलाच रिपोर्ट हातात ठेवावा आणि आपण उभ्याउभ्याच तो वाचायला लागावं, तसं वाचलं.

मी वाढले रेडिंगमध्ये, लंडनच्या पश्चिमेला. जन्म मात्र मिरजेचा, २००१ च्या नोव्हेंबरातला. आई नर्स. त्या काळात इंग्लंडला परिचारिका हव्या होत्या आणि आपल्याकडून पुष्कळ जणी निघाल्या, त्यात आईही २००३ च्या ऑक्टोबरात निघाली. मला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. तिथे गेल्यावर आधी काही महिने एका वृद्धाश्रमात देखरेखीखाली काम करायचं, त्याला ‘अ‍ॅडॅप्टेशन’ म्हणत. मग नोंदणी, मग पक्की नोकरी, मग मूल आणता येईल एवढी जागा. वर्षभरानं बाबाही तिकडे गेले. मी आजीकडे, म्हणजे आईच्या आईकडे, मिरजेला राहिले ते थेट २००६ च्या जूनपर्यंत. यातलं काहीच आमच्या घरात कधी लपवलं गेलं नाही. पण त्याबद्दल कुणी बोलायचंही नाही.

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा झाली की उरतात ती सिक्स्थ फॉर्मची दोन वर्षं. आपली अकरावी-बारावीच म्हणा, पण इथे बहुतेक मुलं तीनच विषय ठेवतात. कालपर्यंत दहा विषय करणारं मूल एका सप्टेंबरात सात विषय सोडून देतं. मी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र ठेवलं, कारण घरात डॉक्टरकीचं बोलणं होतं. तिसरं मानसशास्त्र घेतलं. ते का घेतलं, असं बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘डॉक्टरला उपयोगी पडतं.’ खरं कारण मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मिरजेहून फोन आला की मामी विचारायची, ‘मग आता मनातलं ओळखता येतं का गं तुला?’ हा विषय घेणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी ऐकावंच लागतं. त्याच वर्षी सांगलीत माझ्या मामेबहिणीनं अकरावीला आर्ट्स घेऊन मानसशास्त्र निवडलं होतं. तिला मात्र वेगळाच प्रश्न: ‘मार्क कमी पडले का?’ आम्ही दोघी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकींचे शब्द तपासायचो. माझ्या ‘क्लासिकल कंडिशनिंग’ला तिच्याकडे ‘अभिजात अभिसंधान’ होतं. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची लाळ दोन्हीकडे सारखीच गळत होती.

मन कळेल म्हणून मी त्या वर्गात गेले होते. पहिल्या महिन्यात मिळाली ती पद्धती. नमुना कसा निवडायचा, गृहीतक कसं मांडायचं, दोन आकड्यांत निव्वळ योगायोगानं एवढा फरक पडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी आहे की नाही, हे तक्त्यातून कसं काढायचं. दुसऱ्या पेपरातले निम्मे मार्क, ९६ पैकी ४८, याच भागाला होते. वर्गातल्या कित्येक मुली या भागाला वैतागायच्या. मीही वैतागले. लोकांची दुःखं समजून घ्यायला आलो आणि इथे ‘मान-व्हिटनी’ चाचणी करत बसलोय! पुढे याच भागानं मला हात दिला, पण ते पुढे.

त्या दिवसांतला एक प्रयोग मला अजून आवडतो. १८८७ साली जेकब्स नावाच्या अभ्यासकानं उत्तर लंडनच्या एका मुलींच्या शाळेत विद्यार्थिनींना आकडे ऐकवले आणि त्याच क्रमानं म्हणून दाखवायला सांगितले. सरासरी ९.३ आकडे लक्षात राहिले, अक्षरं ७.३. घरी जाऊन हे कुणावर तरी करून बघा, असं मिस म्हणाल्या. बाबा सातावर अडकले. आई रात्रपाळी करून आली होती, तरी तिनं आठ म्हटले. मग मी आजीला फोन लावला आणि मराठीत आकडे सांगत गेले. पाच, सात, चार, आठ... आजी नवावर थांबली नाही, दहावर थांबली नाही, बारा आकडे तिनं बिनचूक म्हटले. कसे, म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘अगं, मी कुठं बारा ठेवले? सत्तावन्न, अठ्ठेचाळीस, एकोणतीस... सहाच तर झाले.’

मी वहीत ‘चंकिंग’ असं लिहिलं, म्हणजे सुट्या गोष्टींची गाठोडी बांधून लक्षात ठेवणं. पण लिहिताना वाटलं, मराठीत नव्याण्णवपर्यंतच्या प्रत्येक आकड्याला स्वतःचा शब्द आहे, म्हणजे गाठोडी भाषेनं आधीच बांधून ठेवलेली आहेत. पाठ्यपुस्तकात याविषयी ओळही नव्हती. हा एका बाईवर केलेला प्रयोग होता, त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला तोवर कळायला लागलं होतं. तरी त्या दिवशी मला फार आनंद झाला. हा विषय आपल्या घरातही येऊ शकतो, असं पहिल्यांदा वाटलं.

मग जानेवारीत तो घरात शिरला.

जेम्स रॉबर्टसन यांचा १९५२ चा माहितीपट मिसनी दाखवला. हे रॉबर्टसन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुलांच्या मनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड यांच्या पाळणाघरात बॉयलर सांभाळत, मुलांची निरीक्षणं लिहायला ते तिथेच शिकले. माहितीपटात लॉरा नावाची दोन वर्षांची मुलगी आहे. छोट्याशा शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस इस्पितळात राहते. तेव्हाच्या इंग्लंडात मुलांच्या वॉर्डात आईबापांना थांबू देत नसत, भेटायची वेळ अगदी थोडी असायची. लॉरा हंबरडा फोडत नाही, आणि तेच बघवत नाही. ती शहाण्यासारखं वागते, रडू दाबते, चेहरा पुसते आणि मधूनच आई कुठे आहे म्हणून विचारते. आई भेटायला येते तेव्हा तोंड फिरवते. मी बाथरूमला जायचं निमित्त करून बाहेर पडले आणि कॉरिडॉरमध्ये लॉकरला टेकून उभी राहिले. पलीकडच्या वर्गात फ्रेंचचा तास चालला होता.

त्या आणि तशा कामामुळे पुढे १९५९ च्या प्लॅट अहवालात आईबापांना वॉर्डात मुक्तपणे येऊ द्यावं अशी शिफारस झाली, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की आठ दिवसांनी जर एवढं होतं, तर दोन वर्षं आठ महिन्यांनी काय झालं असेल?

पुढच्याच तासाला अभ्यासात जॉन बोल्बी आले, अटॅचमेंटचा सिद्धान्त मांडणारे ब्रिटिश मनोविश्लेषक. त्यांचा १९४४ चा अभ्यास: लंडनच्या बाल मार्गदर्शन केंद्रात आलेली चोरी करणारी ४४ मुलं. त्यांतली १४ त्यांना ‘मायेचा ओलावा नसलेली’ वाटली. दुसऱ्याचं दुःख त्यांना भिडत नव्हतं, केल्याची लाज वाटत नव्हती. आणि या १४ पैकी १२ मुलं अगदी लहानपणी आईपासून दीर्घकाळ दुरावलेली होती. पुस्तकात याखाली एक चौकट होती. पहिली अडीच वर्षं फार महत्त्वाची, त्या काळात ताटातूट झाली तर परिणाम आयुष्यभर पुरू शकतात. मी बोटं मोजली. आई गेली तेव्हा मी एक वर्ष अकरा महिन्यांची होते.

सतराव्या वर्षी माणसाच्या हातात असा आकडा द्यावा का, हा प्रश्न मला आजही पडतो. दिलाच, तर पुढचं पान उलटेपर्यंत कुणीतरी शेजारी बसायला हवं. मी तीन आठवडे त्या पानावरच राहिले. मैत्रीण रडली आणि मला रडू आलं नाही, तर ती नोंद. वाढदिवसाला आईनं मिठी मारली होती आणि मी आधी हात सोडले होते, तर तीही नोंद. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांची ‘अनोळखी परिस्थिती’ची पद्धत आम्ही शिकत होतो. एक खोली, एकीकडून आरपार दिसणारी काच, वर्षा-दीड वर्षाचं मूल, त्याची आई आणि एक परकी बाई. तीन-तीन मिनिटांचे टप्पे. आई बाहेर जाते, परत येते. मूल धावत जाऊन बिलगतं आणि शांत होतं, बिलगतं पण शांत होत नाही, की वळूनही बघत नाही, यावरून त्याचा प्रकार ठरतो. मी वळून न बघणाऱ्यांत माझं नाव घातलं. आईचं नावही मीच कुठेतरी घालत होते. काचेमागे मी एकटीच बसले होते आणि त्या खोलीतल्या कुणाला याचा पत्ता नव्हता.

एका सकाळी आई रात्रपाळीहून आली. मी शाळेला निघाले होते. काहीतरी साध्या गोष्टीवरून ती बोलली, ओला टॉवेल बेडवर टाकला होता बहुतेक, आणि मी म्हटलं, ‘माझ्यात काही बिघडलं असेल तर ते दोन हजार तीन सालीच बिघडलंय. संशोधन आहे त्यावर.’ आईनं कोट काढायला एक हात बाहेर घेतला होता, तो तसाच राहिला. मग तिनं विचारलं, ‘डबा घेतलास का?’ मी उत्तर न देता निघून गेले.

मला या वाक्याची लाज वाटते. पण ते इथे लिहायला हवं, कारण हा विषय शिकणारी सतरा-अठरा वर्षांची मुलं मी आता पाहते आणि त्यांच्या घरात हे वाक्य या ना त्या रूपात कुणी ना कुणी बोललेलं असतं. आपल्या हातात पहिल्यांदाच अशी भाषा येते की जिच्यापुढे घरातली मोठी माणसं गप्प होतात. जीवशास्त्र शिकून कुणी आईला ‘तुझं यकृत’ असं म्हणत नाही.

फेब्रुवारीत १६ मार्कांचा सराव निबंध तपासून आला. मांडणीला ६ पैकी ६, चिकित्सेला १० पैकी २. मिसनी शेवटी लिहिलं होतं की तू बोल्बींना एकही प्रश्न विचारलेला नाहीस. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी माझी वही उघडून अगदी साधेपणानं विचारलं, ‘मुलं ओलावा नसलेली आहेत हे कुणी ठरवलं?’ बोल्बींनी. ‘लहानपणी ती दुरावली होती हे मुलाखती घेऊन कुणी शोधलं?’ बोल्बींनीच. ‘आणि आपल्याला काय सापडायला हवंय हे कुणाला आधीपासून माहीत होतं?’ मी काही बोलले नाही. त्या म्हणाल्या, ‘आता पुढचं पान वाच.’

पुढच्या पानावर १९५४ चा हिल्डा लुईस यांचा अभ्यास होता. ५०० मुलं पाहून त्यांना लवकरची ताटातूट आणि पुढची गुन्हेगारी यांत तसा संबंध आढळला नव्हता. त्याखाली एक परिच्छेद होता, जो मी तीन आठवड्यांपूर्वी वाचला असता तर आईला ते वाक्य ऐकावं लागलं नसतं. दुरावणं वेगळं आणि मायेला पारखं होणं वेगळं, आणि हा फरक खुद्द बोल्बींच्या मांडणीतही होता. आई दूर आहे, पण तिच्या जागी मुलाला जीव लावणारं कायमचं माणूस आहे, तर ते मूल पारखं झालेलं नसतं.

आजी. मी या सगळ्या हिशेबात आजीला धरलंच नव्हतं. मिरजेत जे काही होतं त्याला मी ‘आई नसणं’ एवढंच नाव दिलं होतं. तिथे तर सकाळी चुलत्याच्या तंबोऱ्याच्या कारखान्यातून भोपळे तासल्याचा वास यायचा, दुपारी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तिच्या बांगड्या मोजत झोपायची सवय होती, संध्याकाळी स्टेशनवर गाड्या बघायला जायचं असायचं. माणसांनी भरलेली ती वर्षं मी एका रिकाम्या चौकटीत कोंबली होती, कारण पुस्तकातल्या तक्त्यात आईसाठी एकच रकाना होता.

मग मी हावऱ्यासारखं वाचत सुटले. बोल्बी १९०७ साली लंडनच्या एका सुखवस्तू घरात जन्मले. आई दिवसातून तासभर भेटायची, चहानंतर. सांभाळणारी दाई होती, तिच्यावर त्यांचा फार जीव होता, आणि ते चार वर्षांचे व्हायच्या सुमारास ती काम सोडून गेली. पुढे लवकरच बोर्डिंग स्कूल. आईच्या ताटातुटीचा सिद्धान्त मांडणाऱ्या या माणसाचं पहिलं मोठं दुःख आईचं नव्हतं, दाईचं होतं. हे कळल्यावर माझा त्यांच्यावरचा राग गेला. मला ते एकदम लहान दिसले, खिडकीत उभे.

आणि एन्सवर्थ. त्यांचं काम अमेरिकेतल्या त्या काचेच्या खोलीत सुरू झालंच नव्हतं. १९५४-५५ मध्ये त्या युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत २६ आयांच्या घरी जाऊन बसत. तिथे अंगावरचं दूध तोडताना मुलाला काही दिवस नातेवाइकांकडे पाठवायची जुनी रीत होती आणि त्या ताटातुटीचा अभ्यास करायचं त्यांच्या मनात होतं. जाऊन पाहतात तर ती रीत मोडीत निघालेली. मग त्यांनी जे समोर होतं तेच पाहायचं ठरवलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे. शोधायला आलो ते इथे नाही, हे मान्य करून त्या उठून गेल्या नाहीत, तिथेच बसून पाहत राहिल्या.

पुढे त्यांची ती खोलीतली पद्धत जगभर गेली. १९८८ साली आठ देशांतले ३२ अभ्यास एकत्र करून एकंदर १,९९० मुलांचे निष्कर्ष दोन डच संशोधकांनी मांडले. जपानमध्ये मुलं आईपासून क्वचितच दूर होतात, म्हणून त्या खोलीत ती बेभान रडली. जर्मनीत मुलांनी लवकर स्वतंत्र व्हावं अशी अपेक्षा, तिथे वळून न बघणारी मुलं जास्त. एका देशाचं माप दुसऱ्याला लावलं की असं होतं, हा मुद्दा परीक्षेत दोन-तीन मार्क मिळवून देतो. मी ती आठ देशांची यादी दोनदा वाचली. भारत त्यात नव्हता. मूल आई, आजी, काकू, शेजारीण अशा चार मांड्यांवर वाढतं त्या घरात ‘परकी बाई’ म्हणून खोलीत कुणाला पाठवणार?

मी आजीला फोन करून विचारलं, ‘अटॅचमेंटला मराठीत काय म्हणतात गं?’ मामेबहिणीनं पुस्तकी शब्द सांगितले होते, ते तोंडात बसत नव्हते. आजीला आधी मला काय विचारायचंय तेच कळेना. मी म्हटलं, ‘लहान मूल एखाद्या माणसाला चिकटतं, त्याच्याशिवाय राहत नाही, ते.’

‘लळा,’ ती म्हणाली. ‘लळा लागतो की.’

मग थोडं थांबून, ‘तुला माझा लागला होता. म्हणून तर मी आले न्हवं विमानातनं तुला सोडायला.’

माझ्या इंग्रजी पुस्तकात एकाच शब्दावर सगळं भागवलेलं होतं. मराठीत लळा लागतो. तो मुलाला आपसूक लागतो. जीव मात्र लावावा लागतो, ते मोठ्या माणसाचं काम. माया करायची असते, ओढ असते, आणि ओढ फक्त दूर असलेल्या माणसाचीच वाटते. मी वहीच्या मागच्या पानावर हे शब्द एकाखाली एक लिहिले. निबंधात त्यांना जागा नव्हती. पण आई तिकडे होती आणि मी इकडे, त्या काळात आमच्यात जे होतं ते आईच्या बाजूनं ओढ होतं, हे मला त्या पानामुळे सुचलं. तिच्या बाजूनं काय होतं, हे मी तोवर स्वतःला विचारलंच नव्हतं.

यात एक अडचण होती. मला ते सगळं आठवतंय, असं मी धरून चालले होते. विशेषतः मी इंग्लंडला उतरले तो हीथ्रो विमानतळावरचा दिवस. मी लाल स्वेटर घातलाय, आजीच्या पदरामागे लपलेय. समोर निळ्या कोटातली एक बाई. आजी म्हणतेय, ‘ये की पुढं.’ मी जात नाही. हे चित्र मी इतक्यांदा पाहिलं होतं की त्याच्याच आधारावर मी स्वतःला त्या वळून न बघणाऱ्या गटात टाकलं होतं.

आणि दुसऱ्या वर्षी उजळणीत स्मृतीचं प्रकरण आलं. बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखवलं की इंग्लिश माणसांना परक्या मुलखातली गोष्ट ऐकवली तर पुन्हा सांगताना ती तिला नकळत आपल्या वळणावर आणतात; होडग्याची बोट होते, सीलच्या शिकारीची मासेमारी होते. लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४ मध्ये ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या. गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता, असं विचारलं तर लोक ताशी सुमारे ४१ मैल सांगत. टेकल्या तेव्हा किती, असं विचारलं की सुमारे ३२. फीत तीच, बदललं फक्त क्रियापद. आठवण आपण कपाटातून काढत नाही, दर वेळी नव्यानं बांधतो, आणि हाताशी असेल ते सामान वापरून बांधतो.

मी खाली जाऊन जुना अल्बम काढला. हीथ्रोचा फोटो होता. त्यात मी लाल स्वेटरमध्ये होते, आजीचा पदर होता. निळा कोट मात्र नव्हता, कारण आई फोटोत नव्हतीच. निळा कोट कुठून आला? आईचा हिवाळी कोट निळा होता, पण तो तिनं मी सातवीत असताना घेतला. आणि जूनमध्ये कोट कशाला असेल? माझ्या आठवणीतला निम्मा भाग फोटोचा आणि निम्मा पुढच्या वर्षांचा होता. खरं उरलं होतं ते फक्त आजीचं ते तीन शब्दांचं वाक्य, कारण ते फोटोत येऊ शकत नाही.

परीक्षा २०२० च्या मे-जूनमध्ये होत्या. १८ मार्चला जाहीर झालं की त्या होणार नाहीत. शुक्रवारी शाळा बंद झाली. हायलायटरनं रंगवलेली तीनशे कार्डं एका बुटाच्या खोक्यात होती, ती तशीच राहिली. तो १६ मार्कांचा निबंध मी कधी लिहिलाच नाही. ऑगस्टमध्ये शाळांनी दिलेल्या अंदाजांवर एक संगणकी सूत्र चालवून निकाल लावले, त्यात सुमारे ३९ टक्के अंदाज खाली आले, माझा मानसशास्त्राचाही. चार दिवसांनी ते सूत्र मागे घेतलं आणि शाळेनं दिलेलीच श्रेणी मिळाली. तिसऱ्या पेपरात एक वाद शिकवतात: माणसाला सर्वसाधारण नियमांतून समजून घ्यायचं की एकेका माणसाकडे एकटं म्हणून पाहायचं? त्या चार दिवसांत हा वाद देशभरच्या मुलांना कुणी न शिकवता कळला.

पण मला त्या वर्षातलं आठवतं ते वेगळंच. एप्रिलमध्ये आई कोविड वॉर्डात होती. बाबांना दमा, म्हणून ती घरातच वेगळी राहायची, जिन्यावरच्या छोट्या खोलीत. कामावरून आली की मागच्या दारानं वर जायची. मी दाराबाहेर ट्रे ठेवायचे, जिन्याच्या पायरीवर बसायचे, आणि ती आतून दाराला टेकून बसायची. गुरुवारी आठ वाजता सगळी गल्ली टाळ्या वाजवायची, तेव्हा ती गप्प असायची. वॉर्डात कुणालाच नातेवाइकांना भेटू देत नव्हते. म्हातारी माणसं लेकींची नावं घेतात आणि आपण टॅबलेट धरून उभं राहायचं, एवढंच तिनं एकदा सांगितलं. मला लॉरा आठवली. तिचं नाव मी आईपुढे काढलं नाही.

एका रात्री मी विचारलं, ‘मी मिरजेला होते तेव्हा तू काय करायचीस?’ हा प्रश्न मी याआधी कधीच विचारला नव्हता. फक्त उत्तर लावत आले होते.

बराच वेळ काही आवाज नाही. मग तिनं सांगायला सुरुवात केली. फोनची स्क्रॅच कार्डं, पाच पाउंडांची. रविवारी लावायचा फोन. मी रिसीव्हर घ्यायचे नाही, तेव्हा ती आजीला म्हणायची, नको देऊस, नुसता जमिनीवर ठेव. मी भातुकली खेळत असायचे, आणि कार्ड संपेपर्यंत ती भांड्यांचा आवाज ऐकत बसायची. वृद्धाश्रमातल्या एका आजीबाईंना ती रोज वेणी घालायची. मग डिसेंबरातली गोष्ट, २००६ ची. आजीचा सहा महिन्यांचा व्हिसा संपला आणि ती परत गेली. मी तीन आठवडे पुढच्या दाराशी बसून जेवत होते. ‘मी शेजारी बसायचे,’ आई म्हणाली. ‘जवळ घ्यायचा प्रयत्न नाही केला. तुला मी नको होते तेव्हा. म्हटलं, शेजारी तरी असावं.’

मी माझ्या सगळ्या मोजदादीत पहिली ताटातूट धरली होती. ही दुसरी मला ठाऊकच नव्हती.

मग मी हीथ्रोचं विचारलं. आजीच्या मागे लपले होते ना मी, ती ‘ये की पुढं’ म्हणाली तरी आले नाही?

‘लपली नव्हतीस. तू आजीचा पदर धरून सगळीकडे बघत होतीस. लपले मी होते. बाहेर यायचं दार उघडलं, तू दिसलीस, आणि माझे पायच उचलेनात. खांबामागे उभी राहिले. वाटलं, हिनं मला ओळखलं नाही तर? आईनं पाहिलं मला.’ ती थोडी थांबली. ‘‘ये की पुढं’ ती मला म्हणाली, बाळा.’

तिची आठवणही बांधलेलीच असणार, माझ्यासारखीच, हे मला माहीत होतं. मी काहीही टिपून घेत नव्हते.

‘चहा निवला असेल,’ मी म्हटलं. ‘दुसरा आणू?’

‘असू दे,’ ती दाराच्या आतून म्हणाली. ‘बस जरा.’